तर्कशास्त्राचे म्हमाणे सर आणि एक वासरू

म्हमाणे सरांच्या घरी कुणालाही 'सहज' जाता येत नसे.

हे मला ठाऊक नव्हतं. सोलापूरच्या कॉलेजात मराठी शिकवायला मी नुकताच लागलो होतो. एका रविवारी सकाळी त्यांचं दार वाजवलं. सरांनी दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभे राहिले.

"काय काढलंत, मराठीवाले?"

"काही नाही सर, सहज आलो."

"सहज कुणी येत नाही. विचार करून सांगा. मी थांबतो."

आणि ते खरंच थांबले हो! हात मागं बांधून, मान किंचित कलती करून, एखाद्या फलाटावर गाडीची वाट बघावी तसे. मी बाहेर, ते आत, मध्ये उंबरा. शेजारच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरीआडून दोन बायका ही मजा बघायला लागल्या. मी मनाशी झटापट केली. का बरं आलो होतो मी? शेवटी उत्तर सापडलं आणि लाज सोडून बोलून टाकलं.

"सर, पेपर आणायला निघालो होतो. गल्लीच्या तोंडाशी शेंगाच्या पोळीचा वास आला. पाय वळले."

सरांचा चेहरा असा उजळला, की जणू मी पीएच.डी.चा प्रबंध हातात ठेवला. "याला म्हणतात कारण! या, या. अहो, आणखी एक ताट घ्या. हे कारण घेऊन आलेत!"

त्या दिवशी मी किती पोळ्या खाल्ल्या ते सांगत नाही. पण दोन शब्द या घरात चालत नाहीत, एवढं शिकून बाहेर पडलो. एक 'सहज', दुसरा 'उगाच'. सर म्हणायचे, "हे दोन शब्द म्हणजे आळशी माणसाची पांघरुणं. उचलून बघा, खाली कारण झोपलेलं असतं."

प्राध्यापक चन्नवीर म्हमाणे. तर्कशास्त्र विभागाचे प्रमुख. विभागात ते एकटेच, त्यामुळे प्रमुखही तेच आणि हाताखालचेही तेच. "आमच्या विभागात मतभेद नाहीत," असं ते अभिमानानं सांगत. उंच, काटकुळे, नाकावर घसरणारा चष्मा आणि बारा महिने काखेत छत्री. सोलापुरात छत्री पावसासाठी बाळगणारा माणूस एकतर परगावचा किंवा फार आशावादी. सरांची छत्री उन्हासाठी होती. कॉलेजातून घरी जायला जवळचा रस्ता होता, पण ते लांबच्या रस्त्यानं जात, कारण त्या रस्त्याला गिरणीच्या भिंतीची सावली होती. मनगटावर एक घड्याळ आणि खिशात दुसरं. मनगटावरचं गिरणीच्या भोंग्याबरोबर लावलेलं, खिशातलं रेडिओबरोबर. "सर, दोन कशाला?" असं विचारलं, की म्हणत, "एकच घड्याळ असलं की माणूस त्याच्यावर श्रद्धा ठेवायला लागतो."

जेवायला बसले की आधी चटणीचं बोट चाटणार, मग भाकरी मोडणार. का? तर चटणी तिखट निघाली तर दही मागायला वेळ मिळतो.

अशी प्रत्येक गोष्टीची कारणं त्यांच्याजवळ तयार असत. दुसऱ्यानं द्यावीत अशीही अपेक्षा असे. वर्गात उशिरा आलेल्या पोराला दारात एकच शब्द विचारत, "कारण?"

"सर, झोप लागली."

"हे कारण आहे. बस."

एकदा एक पोरगं घामाघूम होऊन आलं. "सर, मांजर आडवं गेलं म्हणून थांबलो."

"मग निघालास कधी?"

"मागनं एक सायकलवाला आला, तो फुडं गेला, मग निघालो."

"म्हणजे तुझ्यावरचं संकट तू त्या सायकलवाल्याच्या अंगावर ढकललंस?"

पोरगं चपलेनं फरशी उकरायला लागलं.

"मांजराला भ्यालास, तो अडाणीपणा. ते मी शिकवून घालवीन. पण सायकलवाल्याला पुढं घातलंस, ही लबाडी. उभा राहा."

त्यांच्या पहिल्याच तासाला सगळ्या वर्गाला पाठ करायला लागायची अशी एक वाटणी होती. मला ती अजून पाठ आहे, आणि मी तर त्यांचा विद्यार्थीही नव्हतो. मी नुसता शेजारच्या वर्गात मराठी शिकवत असे. मधली भिंत पातळ होती. सर सांगत, "न कळणं म्हणजे अज्ञान. चुकीचं कळणं म्हणजे चूक. या दोन्हींत माणसाचा काही दोष नाही. पण नीट कळलेलं आहे, समोर लख्ख दिसतंय, आणि तरी माणूस नेमकं उलटं करतो, हा अविवेक. आपले लोक त्याला म्हणतात, कळतं पण वळत नाही. पोरांनो, आंधळा खड्ड्यात पडला तर त्याला हात द्या. डोळस माणूस खड्डा बघून उडी मारतो, तेव्हा मात्र थांबा आणि निरखून बघा. तो आमच्या विषयाचा आहे."

आता कुणाला वाटेल, की हा माणूस रुक्ष असणार. अहो, छे! अविवेकावर त्यांचं जितकं प्रेम होतं तितकं मी कुणाचं कशावर बघितलं नाही. फुलपाखरांच्या मागं धावणारे लोक असतात ना, तसे सर लोकांच्या खुळ्या समजुतींच्या मागं धावत. कुणी सांगितलं, की आमचे मामा गुरुवारी दाढी करत नाहीत, की सर छत्री खाली ठेवून खुर्ची पुढं ओढणार. "बरं! आणि बुधवारी रात्री साडेअकराला केली तर?"

एकदा कॉलेजात पाहुणे व्याख्याते आले होते. भगवी शाल, भरदार आवाज. विषय होता, 'बुद्धीच्या पलीकडे'. माणसाची बुद्धी ही कशी दुबळी, तर्क कसा लंगडा, सत्य कसं फक्त आतून उमगतं, हे त्यांनी दीड तास समजावून सांगितलं. बुद्धीवर विश्वास ठेवू नये याची त्यांनी तीन कारणं दिली, एकापेक्षा एक बिनतोड. टाळ्या झाल्या. मग सर उठले. घसरलेला चष्मा वर ढकलला.

"महाराज, आपली तिन्ही कारणं मला पटली."

पाहुण्यांनी प्रसन्नपणे मान हलवली.

"आता एकच अडचण आहे. ती मला बुद्धीनं पटली. तर ती ठेवू की सोडून देऊ?"

सभागृहात मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळंच कोसळलं. पाहुणे बिचारे चांगले होते. तेही हसले. नंतर चहाच्या वेळी दोघांचं असं काही जमलं, की पाहुण्यांची गाडी चुकली आणि ते सरांच्या घरी मुक्कामाला राहिले.

सरांचे जिवलग मित्र म्हणजे पदार्थविज्ञानाचे इनामदार सर. गोल गरगरीत, पान खाऊन लाल झालेले ओठ, आणि बोलणं खास आमच्या सोलापुरातलं दख्खनी. हे इनामदार सर प्रयोगशाळेत काटा स्थिर झाला की पहिला आकडा कधीही धरत नसत. "पैला रीडिंग शैतान का," म्हणत आणि दुसऱ्यापासून मोजत. पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक! म्हमाणे सरांना यात इतका आनंद व्हायचा की ते आपला मोकळा तास प्रयोगशाळेच्या दारात उभं राहून घालवत.

"आणि इनामदार, शैतानाला जर कळलं की तुम्ही पहिला सोडता, आणि तो दुसऱ्यात जाऊन बसला तर?"

"नक्को साब, उसकू मत सिखाओ!"

एके दिवशी दुपारी स्टाफरूममध्ये इनामदारांनी या थट्टेला उत्तर दिलं. पान गालात सारून, अगदी शांतपणे. "देखो म्हमाणेसाब. हर आदमी के भेजे में एक खोली बंद रहतीच. मेरी खोली का दरवाजा सबकू दिखता. तुम्हारा नै दिखता, बस. पर है."

सर तडकले. हसणारा माणूस, पण त्या दिवशी तडकलेच. "माझ्यात नाही! एक दाखवा. मी केलेली एक गोष्ट दाखवा जिला कारण नाही. ज्या दिवशी दाखवाल त्या दिवसापासून मी तर्कशास्त्राच्या वर्गात पाय ठेवणार नाही. हा माझा शब्द!"

सरांचा शब्द म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत होतं. लग्नाआधी वहिनींना "रोज तुमचा चहा मी करीन" म्हणाले होते, आणि ताप असला तरी उठून करत. आणि हा विषय म्हणजे सरांचा जीव. वर्ग सुटला तर या माणसानं करायचं काय?

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. (कारण होतं: वहिनींनी धपाटे केले होते.) शांतावहिनी नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवत. बोलणं कमी, पण जे बोलत ते बेरजेच्या उत्तरासारखं, खाली रेघ मारून. सरांनी दुपारची हकीकत सांगितली. वहिनींनी तव्यावरचा धपाटा उलटला.

"कशासाठी दिलात असला शब्द?"

सर ताटातल्या दह्यात बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "उगाच."

मी घास तसाच हातात धरला. या घरात तो शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो. वहिनींनी नवऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मला अजून एक धपाटा वाढला.

दुसऱ्या दिवसापासून सगळं कॉलेज सरांच्या पाळतीवर! पोरांनी शोध लावला, की सर वर्गात नेहमी उजवा पाय आधी टाकतात. कॉलेजभर डांगोरा पिटला. सरांनी सगळ्यांना नेऊन दाखवलं, की दाराची फरशी डाव्या बाजूला फुटलेली आहे. मग कुणी म्हणालं, छत्री उघडण्याआधी ते तीनदा झटकतात, हा नक्की काहीतरी तोडगा. सर म्हणाले, "एकदा आतून पाल पडली होती. तुमच्या डोक्यावर पडली असती तर तुम्ही दहा वेळा झटकली असती." इनामदार महिनोन्महिने मागावर राहिले आणि हात हलवत परत आले.

आणि मग बहात्तरचा पाऊस आलाच नाही.

त्याबद्दल मी फार सांगत नाही. ज्यांनी ते बघितलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी बघितलं नाही त्यांना सुखात राहू दे. पुढच्या जानेवारीत सरांच्या गावची जत्रा आली. गाव मंद्रूपच्या पलीकडं, कर्नाटकाच्या बाजूला. निम्मं बोलणं मराठी, निम्मं कानडी. सरांचे थोरले भाऊ रेवणअण्णा तिथं शेती बघत. सर, वहिनी, इनामदार आणि मी, असे चौघं एस.टी.नं गेलो.

जत्रेत वासराची भाकणूक असते. आमच्या सोलापुरातही गड्ड्याच्या जत्रेत असते, पण तिथं माणसांच्या डोक्यांपलीकडं काही दिसत नाही. गावातली ही छोटी. रीत अशी: एका वासराला दिवसभर उपाशी ठेवायचं. संध्याकाळी देवळापुढं आणायचं. समोर ज्वारी, तूर, गूळ, कापूस, मिरच्या असं मांडायचं. वासरू ज्याला तोंड लावील ते यंदा महागणार. बुजलं तर संकट. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वासरू मुतलं तर पाऊस, न मुतलं तर नाही.

दुपारी ओट्यावर बसून अण्णांनी जाहीर केलं, "वासरू मुतलं तर बैलं ठीवायची. न्हाय तर येत्या बाजारला इकून टाकतो. कडबा कुटनं आनू?"

"अण्णा," सर कळवळून म्हणाले, "बैलांचं भवितव्य वासराच्या मूत्राशयावर?"

"मग कशावर ठिवू? तुज्या पुस्तकावर?"

"विचारावर ठेव की! त्या मुक्या जनावराला दिवसभर चारा नाही, पाणी नाही. पोटात पाणी नाही तर मुतणार कुठनं? त्याचा आणि ढगांचा संबंध काय?"

"सम्मंद आसू दे न्हाय तर नसू दे. तू येनार का न्हाय बगायला?"

"येणार की! बघायला काय जातंय?"

इनामदारांनी मला कोपरानं ढोसलं. कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी देवळापुढं सगळा गाव जमला. सर पुढंच, छत्रीसकट. सुरुवातीला ते आम्हाला हळू आवाजात धावतं वर्णन देत होते. वासरू आलं, गुळाकडं गेलं. "गोड आहे, खाणारच." ज्वारीला तोंड लावलं. "भूक. साधी भूक." मिरच्या हुंगून फुरफुरलं. "बघा, आपल्या स्टाफरूमपेक्षा शहाणं आहे." इनामदार खुदखुदत होते. आजूबाजूची माणसं मात्र हसत नव्हती. दगड फोडून हात फाटलेली माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, सगळे वासराच्या मागच्या पायांकडं बघत होते.

वासरू उभं राहिलं. नुसतं उभं.

वेळ जाऊ लागला. कुणी खोकेना, पोरंही रडेनात. सरांचं वर्णन थांबलं होतं. वासरानं शेपटी जराशी उचलली आणि गावानं श्वास धरला. वासरानं शेपटी खाली घेतली.

आणि त्या शांततेत माझ्या डाव्या कानाशी आवाज आला.

"शूऽऽऽ... शूऽऽऽ..."

तान्ह्या बाळाला पायांवर घेऊन आई करते ना, तसा. बारीक, लाडीगोडीचा, लांबवलेला. मी वळून बघितलं. तर्कशास्त्र विभागाचे प्रमुख! कमरेत वाकलेले, छत्री छातीशी धरलेली, ओठांचा चंबू, डोळे वासरावर खिळलेले. "शूऽऽऽ... माडो मगा, माडो... शूऽऽऽ!" कर रे पोरा, कर. वासराशी बोलताना मराठी, कॉलेज, पदव्या सगळं गळून पडलं होतं. उरली होती आईची कानडी.

पलीकडच्या एका म्हातारीनं ते ऐकलं आणि तिनंही सुरू केलं, "शूऽऽऽ." मग तिची सून. मग कडेवर पोरं असलेल्या सगळ्या बाया. मग मिशाळ बाप्ये. मग आख्खा गाव! एका उपाशी वासराला सगळा गाव मिळून शू करायला लावतोय, असला सोहळा मी जन्मात बघितला नाही. इनामदारांच्या तोंडातलं पान खाली पडलं आणि तेही करायला लागले. मीही केलं. का केलं विचारू नका. एकट्या वहिनी तेवढ्या पदर तोंडाला लावून गदगदत होत्या, आणि ते हसू होतं की दुसरं काही, मला सांगता येणार नाही.

वासरानं कान हलवले. मागचे पाय जरासे फाकवले.

आणि मुतलं!

अहो, काय तो जल्लोष! हलगी कडाडली. गुलाल उडाला. अण्णांनी कुणाला तरी उचलून घेतलं. आणि आमचे सर? सरांनी छत्री आभाळात भिरकावली. "अय्यो शिवने! झालं! झालं की!" असं ओरडत ते अशी उडी मारून नाचले, की चष्मा एकीकडं, ते एकीकडं.

मग त्यांना इनामदार दिसले.

उडी हवेत असतानाच माणूस गंभीर होऊ शकतो, हे मी त्या दिवशी बघितलं. खाली आले ते निराळेच सर होते. चष्मा उचलला, पुसला, डोळ्यांवर चढवला. "इनामदार, तुम्ही जिंकलात," एवढंच म्हणाले. परतीच्या एस.टी.त सगळ्यांत जास्त घाबरले होते ते जिंकलेले इनामदार.

दुसऱ्या दिवशी तर्कशास्त्राच्या तासाची घंटा झाली आणि सर स्टाफरूममध्येच बसून राहिले. छत्री मांडीवर आडवी. भिंतीपलीकडून वर्गाचा गलका येत होता.

"साब, घंटी हुई," इनामदार म्हणाले.

"झाली. मी शब्द दिलाय."

"कैसा शब्द? मैं तो कुछ देख्याच नै!"

"साक्षीदार फितूर झाला म्हणून घटना पुसली जात नाही."

इनामदारांनी घाम पुसला. "अच्छा, ये सुनो. तुम शू किये, वो मुत्या. सायन्स है! कारण है, कार्य है. इसमें अविवेक किधर का?"

सरांचे डोळे क्षणभर चमकले. चांगला मुद्दा आला की ते चमकायचेच. "वा! शू केल्यानं वासरू मुततं, हे मान्य. पण वासरू मुतल्यानं पाऊस पडत नाही, हे मला ठाऊक होतं. गाडी यावी म्हणून स्टेशनच्या घड्याळाचे काटे पुढं ढकलणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल? काटे ढकलले की पुढं सरकतात, हे सायन्सच आहे की."

मग मीही तोंड घातलं. "पण सर, अण्णांचे बैल वाचले. त्यांचा विश्वास होता. तुम्ही भावासाठी केलंत. हे कारण झालं."

"झालं असतं," सर म्हणाले. "फार चांगलं कारण झालं असतं. पण मराठीवाले, त्या वेळी मला अण्णा आठवला नव्हता. बैल आठवले नव्हते. मला फक्त पाऊस हवा होता." त्यांनी छत्रीवर हात फिरवला. "कळत होतं. सगळं लख्ख कळत होतं. वळलं नाही."

स्वतःविरुद्धचा खटला त्यांनी इतका सुंदर चालवला, की आम्ही दोघं आरोपीसारखे खाली माना घालून बसलो. पलीकडचा गलका वाढत चालला होता. सरांचा एक कान तिकडं होता, आणि तो कान बघवत नव्हता.

एवढ्यात दारात शांतावहिनी. त्यांची शाळा सकाळची. सर घाईत लांबचं दिसण्याचा चष्मा घालूनच निघाले होते आणि वाचायचा घरी राहिला होता. तो द्यायला आल्या होत्या. त्यांनी आमची तोंडं बघितली आणि सगळं ओळखलं.

"वर्गावर का गेला नाहीत?"

"माझा शब्द होता. मी केलेली एक कारण नसलेली गोष्ट ज्या दिवशी कुणी दाखवील, त्या दिवसापासून..."

"ती मागंच दाखवली होती."

"कुणी?"

"मी. शब्द दिलात त्याच संध्याकाळी. कशासाठी दिलात विचारलं, तर काय म्हणालात?"

वहिनी माझ्याकडं वळल्या. "तुम्ही होता की धपाटे खायला. काय म्हणाले होते?"

"उगाच," मी म्हणालो.

"म्हणजे तो शब्द, हीच कारण नसलेली पहिली गोष्ट," वहिनी म्हणाल्या. "मी दाखवली, तुम्ही कबूल केलीत. आणि दुसऱ्या दिवशी वर्गावर गेलात. शब्द तेव्हाच मोडला. तेव्हापासून रोज मोडताय. आता मोडलेला शब्द पाळणार तो कसा?" त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला, अगदी उत्तराखाली रेघ मारावी तसा.

स्टाफरूममधला पंखा कुरकुरत होता. सर वर बघत होते, बोटांवर काहीतरी मांडत होते, पुसत होते. पहिलं विधान, दुसरं विधान, निष्कर्ष. पुन्हा पहिल्यापासून. मग त्यांच्या पोटातून हसू निघालं. आधी खांदे हलले, मग छत्री, मग खुर्ची.

"बिनतोड आहे! पण शांता, हे मला कसं दिसलं नाही?"

वहिनींनी इनामदारांकडं बोट दाखवलं. "ते म्हणाले होते की. खोली बंद होती."

सर उठले ते जवळजवळ धावतच. आम्ही मागोमाग व्हरांड्यात. वर्गाच्या दारात त्यांनी उजवा पाय टाकला आणि आतून शंभर गळ्यांतून एकच शब्द आला.

"कारण?"

असा उशीर त्या वर्गानं कधी पाहिला नव्हता आणि ही संधी ते सोडणार नव्हते. सर दारातच उभे राहिले. चष्मा वर ढकलला. "कारण मोठं आहे," म्हणाले, "बसून ऐका." आणि त्यांनी वासराची गोष्ट सांगितली. काही लपवलं नाही. उडीसकट सांगितली. बाहेर आम्हाला आधी हसण्याचा लोट ऐकू आला, आणि मग सरांच्या आवाजात, "आता सांगा पोरांनो, आम्ही काय केलं? अज्ञान, चूक की अविवेक?"

पुढं दर वर्षी त्यांच्या पहिल्या तासाला ते वासरू येई. मांजर आणि सायकलवाला दुसऱ्या नंबरवर गेले. त्यानंतर इनामदारांच्या पहिल्या रीडिंगची त्यांनी थट्टा केली नाही असं नाही. केलीच. पण करताना त्यांच्या पाठीवर हात ठेवू लागले.

आणि हो, त्र्याहत्तरला पाऊस झाला. सर सांगत, "वासरू न मुतताही झाला असता." अण्णा सांगत, "व्हय की, पन मुतलं तर हुतं." बैल अण्णांकडंच म्हातारे झाले.

सरांना मी शेवटचं बघितलं ते एकोणऐंशी साली. माझी बदली झाली होती, सामान बांधून निरोप घ्यायला गेलो होतो. मे महिन्याची सकाळ, आणि सोलापूरचं ऊन सकाळीच भाजत होतं. दार उघडंच होतं. सर परसात मोरीच्या कडेला बसले होते, पायांवर तान्हा नातू, आणि ओठांचा चंबू.

"शूऽऽऽ... माडो मगा..."

मी खाकरलो. त्यांनी वर बघितलं, जराही न लाजता. "या मराठीवाले. इथं कार्यकारणभाव सिद्ध आहे."

आणि तो झालाही सिद्ध. नातवानं आजोबांच्या धोतरासकट सगळं भिजवलं. आतून वहिनी हसल्या. मीही हसत चपला काढायला वाकलो. मान वर केली, तर सर नातवाला खांद्यावर घेऊन उभे होते. मी बघतोय हे बहुतेक ते विसरले असावेत. कारण ओलं धोतर तसंच ठेवून त्यांनी हळूच, अगदी क्षणभर, कोरड्या आभाळाकडं बघितलं.